रोजची सायकल आणि वर्षाची लस

(जागतिक आरोग्यदिनानिमित्त डिचोली तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयाच्या सभागृहात ग्रामस्थ, शासकीय कर्मचारी व शिक्षक यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



हृदयविकारासारख्या विषयावर तज्ज्ञाने बोलावे आणि इतरांनी ऐकावे, हा रिवाज आहे. मी डॉक्टर नव्हे. मराठी साहित्य घेऊन कला शाखेची पदवी मिळवली आणि गेली वीसेक वर्षे सरकारी योजनांची पत्रके लिहिण्याचे व सभांची वृत्ते तयार करण्याचे काम करीत आहे. आजचा विषय ठरला तेव्हा मी अर्थातच डॉक्टरबाईंकडे बोट दाखविले. त्या म्हणाल्या, "रक्तदाब आणि औषधे यांचे मी पाहते, सायकल आणि लस यांविषयी तुम्हीच बोला." त्यांनी हे काम माझ्याकडे का सोपविले, हे मी जाणतो. माझ्या वडिलांची हकीकत त्यांना ठाऊक आहे. तेव्हा तेथूनच सुरुवात करतो.

वडील सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. घरापासून शाळा सात किलोमीटर. वाटेत दोन चढ आणि एक ओहोळ. १९७२ साली त्यांनी पगारातून पैसे साठवून सायकल घेतली आणि २००८ साली निवृत्त होईपर्यंत तिच्यावरूनच ये-जा केली. पावसाळ्यात एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात हँडल, असा त्यांचा थाट असे. (समोर बसलेल्या मुलांनी याचे अनुकरण करू नये.) चढ आला की खाली उतरून सायकल ढकलीत नेत आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करीत. त्या छत्तीस वर्षांत ते आजारी पडल्याचे मला फारसे आठवत नाही.

निवृत्तीच्या दिवशी आम्ही भावंडांनी वर्गणी काढून त्यांना स्कूटर भेट दिली. "आता पायडल मारणे पुरे झाले," हे वाक्य माझे. सायकल मांगरात वाशाला टांगली गेली. पुढे तीन वर्षांत मधुमेह आला, त्यामागोमाग रक्तदाब आला. गोळ्या चालू झाल्या. वडील बाजारात जात, देवळात जात, ग्रंथालयात जात. पण सगळीकडे स्कूटरवरून. आम्हांला त्यात काही वावगे वाटले नाही.

२०१६ साली श्रावण सरत आला होता, चतुर्थी आठवड्यावर आली होती. वडिलांना ताप आला. अंग मोडून आले, खोकला झाला. पावसाळी ताप म्हणून काढा दिला. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि घर पुन्हा चतुर्थीच्या तयारीला लागले. सहाव्या दिवशी पहाटे छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटू लागले, दरदरून घाम सुटला. आम्ही पित्त समजलो. सोडा दिला, पाठ चोळली आणि दोन तास घालविले. इस्पितळात पोचेपर्यंत हृदयाच्या स्नायूचा काही भाग निकामी झाला होता. ते वाचले, परंतु नंतरच्या तीन वर्षांत तुळशीला पाणी घालायला जाताना त्यांना अंगणात दोनदा थांबावे लागे. २०१९ साली ते गेले.

इस्पितळात तेथील डॉक्टरांनी मला दोन प्रश्न विचारले होते. अलीकडे ताप येऊन गेला का? आणि फ्ल्यूची लस दिली होती का? दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. सभ्य गृहस्थहो, २००९ साली स्वाइन फ्ल्यूची साथ आली तेव्हा वृद्ध, मधुमेही आणि हृदयरोगी यांनी विशेष काळजी घ्यावी, अशी पत्रके मी स्वतः लिहिली होती. मुद्रिते तपासली होती. गावोगाव भिंतींवर ती चिकटविली गेली होती. परंतु ज्याच्यासाठी ती लिहिली, असा माणूस माझ्याच घरात आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. हा दोष अन्य कोणाचा नाही, माझा आहे.

आता सायकलीकडे वळू. शारीरिक श्रम आणि हृदय यांचा संबंध आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक असेलच. परंतु शास्त्रीय पद्धतीने तो प्रथम दाखविला तो लंडनच्या बसगाड्यांनी. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१ हजार पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी केली आणि १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाडी तीच, शहर तेच; ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर दुमजली बसच्या जिन्यावरून सतत वर-खाली करणारा. दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या तो चढत असे. कंडक्टरांना हृदयविकाराचा झटका ड्रायव्हरांपेक्षा कमी प्रमाणात येत होता, आला तर उशिरा येत होता, आणि त्यातून वाचण्याचे प्रमाणही अधिक होते.

या मॉरिससाहेबांचे मला कौतुक वाटते ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. आपल्या निष्कर्षावर त्यांनी स्वतःच शंका घेतली. मुळात लठ्ठ माणसेच ड्रायव्हर होत असतील तर? ही शंका फेडण्यासाठी त्यांच्या गटाने कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापे तपासली आणि १९५६ साली प्रांजळपणे छापले की, ड्रायव्हरांच्या विजारींचे कंबरेचे माप तरुणपणापासूनच कंडक्टरांपेक्षा मोठे असते. म्हणजे सगळेच श्रेय जिन्याला देता येत नव्हते. मग त्यांनी पुढे आणखी पाहण्या केल्या. त्यांपैकी एक सरकारी कचेऱ्यांत बैठे काम करणाऱ्या पुरुषांची होती आणि १९९० साली ती प्रसिद्ध झाली. येथे बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनी तिच्याकडे अवश्य लक्ष द्यावे. दमदार खेळ खेळणारे, भरपूर सायकल चालविणारे आणि झपाझप चालणारे अशा कर्मचाऱ्यांना हृदयविकाराचे प्रमाण बरेच कमी आढळले. आणि तारुण्यात खेळलेले, पण पुढे ते सोडून दिलेले कर्मचारी? त्यांना पूर्वीच्या व्यायामाचा काहीही लाभ उरला नव्हता.

हे वाचले तेव्हा मला मांगरातली सायकल आठवली. छत्तीस वर्षांची पुंजी वडिलांच्या खात्यावर जमा आहे, असा आम्हां सर्वांचा समज होता. व्यायामाची अशी ठेव राहत नाही. ज्या दिवशी पायडल थांबते, त्या दिवसापासून ती ओसरू लागते.

ब्रिटनमधील सुमारे २ लक्ष ६३ हजार लोकांच्या माहितीवर आधारलेली आणखी एक पाहणी ग्लासगोच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केली. कामावर सायकलने जाणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण, मोटारीने किंवा बस-रेल्वेने जाणाऱ्यांच्या तुलनेत, जवळजवळ निम्मे आढळले. अर्थात सायकल चालविणारा माणूस इतर बाबतींतही स्वतःला जपणारा असू शकतो. त्यामुळे हा सगळा फरक सायकलीनेच घडविला, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. परंतु निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकाच दिशेला बोट दाखवीत असतील, तर शहाण्याने त्या दिशेला पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. मुलांसाठी रोज सरासरी एक तास. २०२२ सालच्या स्थितीविषयी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ इतकाही व्यायाम करीत नाहीत. शेतात राबणाऱ्या बांधवांना हे ऐकून हसू येईल. पण त्यांच्या मुलांकडे पाहा. शाळेच्या फाटकाबाहेर सकाळी किती स्कूटर उभ्या असतात, ते मुख्याध्यापक सांगतील. आपला पदेरसुद्धा आता पुष्कळ ठिकाणी स्कूटरवर आला आहे. भोंगा तेवढा जुना राहिला.

तथापि सायकल एकटी पुरेशी नाही. माणूस रोज सायकल चालवितो, त्याचे हृदय ठणठणीत आहे, आणि तरीही एका तापाने घात होतो, असे का व्हावे?

आपल्या मांडवीकाठच्या खाजन शेतीचे उदाहरण घ्या. बांध एका दिवसात फुटत नाही. खेकडे बिळे करतात, माती सुटते, वर्षानुवर्षे डागडुजी होत नाही. पण वरून पाहणाऱ्याला बांध उभाच दिसतो. मग अमावास्येची मोठी भरती येते आणि एका रात्रीत शेतात खारे पाणी शिरते. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या आतील बाजूस मेदाचे थर साचत असतात. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, बैठे जीवन ही त्यांची कारणे. हे थर पुष्कळ वर्षे मुकाट असतात. इन्फ्ल्युएन्झासारखा संसर्ग झाला की शरीरभर दाह होतो, नाडी जलद होते, हृदयाला अधिक प्राणवायू लागतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. अशा वेळी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि रोहिणी बंद होते. ताप उतरला म्हणजे संकट टळले, असे समजणाऱ्या आमच्या घराची चूक नेमकी येथे झाली.

हा केवळ तर्क नव्हे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत इन्फ्ल्युएन्झा असल्याचे सिद्ध झालेल्या रुग्णांना, तपासणीनंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचा संभव एरवीपेक्षा सुमारे सहापट असल्याचे त्यात आढळले. वडिलांचा सहावा दिवस होता.

मग लसीने हा धोका कमी होतो काय? याचे उत्तर देणारी मोठी चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. आठ देशांत ती झाली आणि त्यांत आपला शेजारी बांगलादेशही होता. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले रुग्ण प्रामुख्याने तीत होते. संख्या अडीच हजारांवर. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला इस्पितळात असतानाच फ्ल्यूची लस दिली, दुसऱ्याला साधे मिठाचे पाणी टोचले. कोणाला काय दिले हे रुग्णास ठाऊक नव्हते आणि उपचार करणाऱ्यासही नव्हते. वर्षभरात लस न मिळालेल्यांपैकी शेकडा ४.९ दगावले, लस मिळालेल्यांपैकी शेकडा २.९. कोविडच्या साथीमुळे ही चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवावी लागली, हेही सांगितले पाहिजे. तरीसुद्धा एका टोचणीने इतका फरक पडावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. २०२५ साली युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने आपल्या निवेदनात रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि मधुमेह यांवरील औषधांच्या पंक्तीला लसीकरणास बसविले आहे.

लस घेण्यापूर्वी काही व्यावहारिक बाबी समजून घेतल्या पाहिजेत. फ्ल्यूची लस बालकांच्या लसीकरण कार्यक्रमात येत नाही. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने वेगळी घ्यावी लागते. या रोगाचा विषाणू रूप पालटीत असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीच्या घटकांचा फेरविचार करते, आणि म्हणूनच गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही. टोचल्यानंतर संरक्षण निर्माण व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. आपल्या किनाऱ्यावर ही साथ पावसाळ्यात जोर धरते. ती थंडीचा आजार मानून डिसेंबरची वाट पाहण्यात अर्थ नाही. एप्रिल-मे हा आपला योग्य काळ. म्हणजे कौले शाकारण्याच्या आणि पावसाची बेगमी करण्याच्या दिवसांत हेही काम उरकून घ्यावे. साठीच्या पुढील माणसे, मधुमेही, दम्याचे व हृदयाचे रुग्ण यांनी आधी विचार करावा. टोचण्याच्या दिवशी ताप असल्यास थांबावे. पूर्वी एखाद्या लसीने जबर त्रास झाला असल्यास तो डॉक्टरांना सांगावा. न्यूमोनियापासून रक्षण करणारी न्यूमोकॉकल लसही वृद्धांनी विचारून घ्यावी. टोचलेल्या दंडाला दुखते, एखादा दिवस कणकण वाटते. टोचून घ्यायच्या या लसीत जिवंत विषाणू नसल्यामुळे तिच्यापासून फ्ल्यू होत नाही.

मघाशी सभा सुरू होण्यापूर्वी एका ज्येष्ठ ग्रामस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, लसीनेच तरुण मुले पटापट जातात म्हणतात, ते खरे काय?" त्यांनी हे कुजबुजत विचारले. मी त्यांची परवानगी घेऊन उघडपणे उत्तर देतो, कारण हा प्रश्न येथे अनेकांच्या मनात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ४७ इस्पितळांतून १८ ते ४५ वर्षे वयाच्या, वरकरणी निरोगी माणसांच्या आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. कोविडच्या लसीमुळे अशा मृत्यूचा संभव वाढल्याचे त्यात आढळले नाही; दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमीच होता. संभव वाढविणाऱ्या गोष्टी वेगळ्या निघाल्या: कोविडने इस्पितळात दाखल व्हावे लागणे, घराण्यात आकस्मिक मृत्यू झालेला असणे, मृत्यूपूर्वीच्या दोन दिवसांत अतोनात मद्यपान, आणि त्याच काळात केलेले अतिशय जोराचे श्रम. कोणतीही लस सर्वस्वी निर्धोक असते, असे मी म्हणणार नाही. एमआरएनए प्रकारच्या कोविड लसींनी क्वचित, विशेषतः तरुण मुलग्यांत, हृदयाच्या स्नायूला दाह झाल्याच्या नोंदी आहेत. त्यांतील बहुतेक बरे झाले. आपल्याकडे मुख्यत्वे वापरलेल्या दोन्ही लसी त्या प्रकारच्या नव्हत्या. त्यांपैकी कोव्हिशील्डच्या प्रकारच्या लसीमुळे फार विरळा रक्ताच्या गुठळ्या झाल्याचेही नोंदले गेले आहे. हे लपवून ठेवण्याने विश्वास वाढत नाही, असे माझे प्रसिद्धीच्या धंद्यातले मत आहे. तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या दंडावर देवी काढल्याचे वण असतील. त्या काळीही कुजबुज होतीच. भारतात देवीचा अखेरचा रोगी १९७५ साली सापडला, आणि आज येथे बसलेल्या मुलांना तो शब्द समजावून सांगावा लागतो.

त्या अभ्यासातील जोराच्या श्रमांचा मुद्दा सायकलीलाही लागू पडतो. वीस वर्षे खुर्चीत बसलेल्या माणसाने उद्या उठून घाट चढायला घेऊ नये. पहिले पंधरा दिवस सपाट रस्त्यावर दहा मिनिटे पुरेत; मग आठवड्याला थोडे थोडे वाढवावे. सायकल चालविताना बोलता यावे परंतु गाणे म्हणता येऊ नये, हे श्रमाचे योग्य माप. चालताना छाती भरून येत असेल, चक्कर येत असेल, पूर्वी झटका येऊन गेला असेल, तर डॉक्टरांच्या अनुज्ञेवाचून आरंभ करू नये. बसण्याची गादी इतकी उंच असावी की टाच खालच्या पायडलवर ठेवली असता गुडघा सरळ व्हावा. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडलेल्या कित्येकांची गादीच खाली असते. मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी. मागे लाल दिवा, डोक्याला हेल्मेट. आपल्या रस्त्यांची रुंदी आणि त्यांवरून धावणारे ट्रक मी जाणतो. सायकल चालवा असे सांगणाऱ्या सरकारने सायकलीला जागाही द्यावी, असे कोणी म्हटल्यास मला प्रत्युत्तर सुचणार नाही. तोपर्यंत आतल्या रस्त्यांनी, पहाटे उजाडल्यावर किंवा ऊन उतरल्यावर जावे. मुसळधार पावसाच्या दिवसांत ओसरीवर चालावे, जिने चढावे. खंड पडू देऊ नये. पंचायत कचेरी, आरोग्य केंद्र आणि शाळा येथे सायकल उभी करण्यास छपराखाली जागा असावी, एवढी विनंती मी सरपंचांना या ठिकाणी करून ठेवतो. तिला फार खर्च लागणार नाही.

आणखी एक सांगावयाचे राहिले. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप यांपैकी काही आढळल्यास सोडा देत बसू नका. स्त्रियांत आणि मधुमेहींत छातीत न दुखताही केवळ धाप किंवा कमालीचा थकवा येतो, हे लक्षात ठेवा. १०८ ला फोन करा. घरच्या गाडीची वाट पाहू नका आणि रुग्णाला चालवीत नेऊ नका. आमच्या घरी जे दोन तास गेले, ते परत आणता आले नाहीत.

वडिलांच्या सायकलीबद्दल काहींनी विचारले म्हणून सांगतो. ती मी २०२० साली मांगरातून उतरविली. दोन्ही टायर-ट्यूब, चेन आणि ब्रेकचे रबर बदलावे लागले. सांगाडा मात्र शाबूत निघाला. कचेरी दूर असल्यामुळे तिथवर ती नेता येत नाही, पण सकाळी बाजार आणि संध्याकाळी ग्रंथालय तिच्यावरून होते. चढावर मीही उतरून ढकलतो. यंदाची लस मागच्या आठवड्यात घेतली, आईलाही दिली.

डॉक्टरबाईंनी आत्ताच चिठ्ठी पाठविली आहे. शेजारच्या वर्गात रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय झाली आहे. लसीविषयी ज्यांना विचारावयाचे आहे, त्यांची नावे तेथेच एका वहीत लिहून घेतली जातील. साठीच्या पुढील मंडळींनी आधी जावे. बाकीच्यांनी तोवर चहा घ्यावा.